लेहऱ्याची जागा

माझ्या स्वभावात एक खोट आहे आणि ती आधीच सांगून टाकलेली बरी. दुसऱ्या कुणाची पेटी चांगली वाजली की माझ्या पोटात दुखतं. साड्या, दागिने, मोठी घरं, पोरांचे मार्क, यातल्या कशाचाही मला कधी त्रास होत नाही. जावेने ठाण्याला टॉवरमध्ये घर घेतलं तेव्हा मी मनापासून पेढे खाल्ले, तेही दोन. पण माझ्या शेजारी बसून कुणी एखादी ओळ माझ्यापेक्षा बरी वाजवली की त्या दिवशी मला जेवण जात नाही. नवऱ्याला हे पाठ झालंय. क्लासवरून येऊन मी ताट बाजूला सारलं की तो काळजी वगैरे करत नाही, स्वतःचं जेवण चालू ठेवतो.

मी भाईंदर पूर्वेला राहते, एका शाळेच्या ऑफिसात कारकुनी करते. माहेर रत्नागिरीकडचं. गणपतीत गावी भजनं रंगायची तेव्हा पेटीवर कायम काका नाहीतर मामा, आणि आम्ही बायका मागे टाळ्या वाजवायला. पेटीचा भाता हलताना मी तासन् तास बघत बसायचे. पुढे लग्न, नोकरी, दोन बाळंतपणं यात ती पेटी राहून गेली. त्रेचाळिसाव्या वर्षी मी एक दिवस सरळ जाऊन पेटी विकत घेतली आणि भाईंदर पश्चिमेच्या एका क्लासला नाव घातलं. दर रविवारी सकाळी पूल ओलांडून जायचं, दोन तास शिकायचं, परत यायचं. घरच्यांना वाटलं, महिनाभराचं खूळ आहे. त्याला आता चार वर्षं झाली.

सर मूळचे तबल्याचे, पण पेटीही उत्तम शिकवतात. वय सत्तरीच्या जवळ. दर वर्षी जानेवारीत क्लासचा एक छोटा कार्यक्रम होतो आणि त्याचा शेवट सरांच्या तबल्याने. तबला एकट्याने वाजतो तेव्हा शेजारी पेटीवर कुणीतरी एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहावं लागतं. तिला लेहरा म्हणतात. तबलजी त्या ओळीच्या आधाराने वाटेल तिकडे भटकून येतो आणि दर वेळी बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, परत येतो. पेटीवाल्याने मात्र हलायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं तीच ओळ, त्याच चालीने. ऐकणाऱ्यांचं तिच्याकडे लक्षही नसतं. पण पेटी अर्धी मात्रा जरी सरकली, तर तबल्याची सगळी इमारत पडते.

आमच्या क्लासात ती जागा मानाची. सरांच्या उजव्या हाताला, एकाच सतरंजीवर. तिथे बरीच वर्षं एक आजोबा बसायचे. गेल्या दिवाळीत ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि जागा रिकामी झाली. क्लासात सगळ्यात जुनी मी. त्यामुळे आता आपणच, असं मी धरून चालले होते. कार्यक्रमाला नेसायची साडीसुद्धा ठरवली होती.

आणि मग ताई.

ताई आमच्यात येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. उत्तनच्या पुढे चौक गाव आहे, तिथल्या. ख्रिश्चन कोळीण, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. घरची बोट, नवरा आणि दीर समुद्रावर जाणारे, ताई बोंबील सुकवून विकणाऱ्या. पहिल्या दिवशी जुन्या चादरीत वडिलांची पेटी बांधून त्या बसने आल्या आणि सरांना म्हणाल्या, "ही अजून वाजतं का बघा, न्हायतर मी रिकामी परत जातंय." बोटं जाड, पाण्यात राहून चिरलेली. पेटीवर सा कुठे असतो हे त्यांना दाखवलं ते मी. या हाताने त्यांचा हात धरून. हे मी इतक्यांदा इतक्या जणांना सांगितलंय की आता क्लासातली माणसं मी तोंड उघडलं की दुसरीकडे बघतात.

सर मला अगं-तुगं करतात आणि त्यांना "ताई, तुम्ही". हेही मला लागलंच. मनात मी त्यांना कायम 'ती' म्हणते. इथे लिहिताना तरी रीतीने ताई म्हणते आहे.

ताई शिकल्या तेही कसं, तर अगदी हळू. मी सुरांच्या सरावाचे दहा अलंकार बसवले तेव्हा त्यांचे तीन. मी भजनं वाजवायला लागले तेव्हा त्या चार सुरांत अडकलेल्या. मला त्यांची दया यायची, आणि दया आली की मी फार प्रेमळ होते. डबा द्यायचे, वही लिहून द्यायचे. मग गेल्या पावसाळ्यानंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं, की त्या तीनच गोष्टी वाजवतात, पण त्या तिन्ही कधीच चुकत नाहीत. मी तीस वाजवायचे, आणि प्रत्येकीत कुठे ना कुठे ठेचकाळायचे. त्या दिवसापासून माझा डबा बंद झाला.

माझ्या रियाजाबद्दल सांगते, म्हणजे अन्याय कसा होता ते कळेल. मी रोज दोन तास वाजवायचे. संध्याकाळी सात ते नऊ, मोबाइलवर तबल्याचं ॲप लावून. एक दिवस खाडा नाही. गाणं पहिल्यापासून सुरू करायचं, छान रंगात यायचं, मधे कुठेतरी बोट अडखळायचं, की च् म्हणायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन लिफ्टमध्ये भेटल्या की म्हणायच्या, "शुरुआत तो एकदम मस्त बजाते हो आप." मी त्याला कौतुक समजायचे.

सर चार वर्षं दोनच गोष्टी सांगत होते. चुकतेस तिथे थांब, आणि रोज दहा मिनिटं पेटी बंद ठेवून नुसत्या हातावर मात्रा धर. टाळी कुठे, खाली कुठे, हाताने मोजत बस. मला ते बालवाडीचं वाटायचं. ॲप मोजत असताना मी कशाला मोजू?

दिवाळीनंतर माझ्या चुका वाढल्या तेव्हा मला खात्री पटली की पेटीतच दोष आहे. नाचता येईना अंगण वाकडं, हे दुसऱ्याला ऐकवायला सोपं असतं. मी रिक्षात पेटी घातली आणि मीरा रोडला नया नगरात गेले. तिथे गल्लीत एक म्हातारे चाचा पेट्या दुरुस्त करतात. त्यांनी वरची फळी काढली, एकेक पट्टी दाबून पाहिली, आत टॉर्च मारला आणि मला म्हणाले, "पेटी में कुछ नहीं है बहनजी. ये चार पट्टी ढीली पड़ गयीं, बाकी तो कोरी है. आप रोज एक ही चीज़ बजाती हैं क्या?"

"नहीं, बहुत सारी," मी म्हटलं.

"तो सब की शुरुआत एक जैसी होगी," ते म्हणाले आणि चार पट्ट्या कसून दिल्या. मी रिक्षात बसल्यावर हिशेब केला. माझ्या सगळ्या भजनांची तोंडं जवळपास त्याच चार सुरांतली होती. म्हाताऱ्याचा मला राग आला. आता दुरुस्ती दुसरीकडे करायची, असंही ठरवलं.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी ताई क्लासला आल्या नव्हत्या. गावात लग्न होतं. त्या दिवशी सरांनी जाहीर केलं, की दर वर्षीचा सोळा मात्रांचा तीनताल यंदा नको, आपण झपताल वाजवणार. झपताल दहा मात्रांचा, दोन-तीन-दोन-तीन अशा पावलांनी चालणारा, म्हणून जरा लंगडा वाटणारा. त्याचा लेहरा त्यांनी फळ्यावर लिहिला, मला वाजवून दाखवला आणि म्हणाले, "तू पण बसव आणि ताईंना पण सांग. शनिवारी संध्याकाळी तालीम. जिचा टिकेल ती बसेल."

म्हणजे माझी जागा स्पर्धेला लागली होती.

ताईंकडे साधा फोन आहे, त्या आमच्या ग्रुपवर नाहीत. त्यांना निरोप द्यायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे, कारण पूर्वी मी फार प्रेमळ होते ना. रविवारी दुपारी मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. लग्नाच्या गडबडीत असतील म्हटलं. सोमवारी शाळेत काम होतं. मंगळवारी मला कसलंही काम नव्हतं. संध्याकाळी पेटीपुढे बसून मी लेहरा वाजवत होते, फोन शेजारीच होता, आणि मी तो उपडा करून ठेवला. बुधवारी मी स्वतःला सांगितलं की आता फारच उशीर झालाय, आता सांगून त्यांना उगाच टेन्शन कशाला. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं चार दिवस चाललं होतं.

गुरुवारी मात्र राहवेना. त्यात पश्चात्ताप किती आणि उत्सुकता किती, हे मी आजही सांगू शकणार नाही. मला ती बाई घरी नेमकं काय करते ते बघायचं होतं. शाळेतून अर्धी रजा टाकली, कागदावर लेहरा लिहिला आणि स्टेशनबाहेरून चौकची बस पकडली.

ताई घराच्या पुढच्या अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील लटकवत होत्या. दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून भराभर दोरीवर टाकत होत्या. मला बघून हात पुसत पुढे आल्या. "बाय! तू कशी काय?"

मी ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं, की निरोप राहूनच गेला, सॉरी, म्हणून स्वतः आले.

"येवढ्या लांब आलीस मंग," त्या म्हणाल्या. "फोनवर सांगायचं ना. कवा हाय तालीम?"

"परवा."

त्यांनी हातातली दोरी वलांडीला बांधून टाकली. मग म्हणाल्या, "बरं. दाखव सूर."

घरात पेटी भिंतीकडेच्या ठेंगण्या टेबलावर उघडीच होती, वर नुसता पंचा टाकलेला. माझी पेटी खोक्यात, खोकं कपाटात, वर चादरी. काढायलाच पाच मिनिटं लागतात, आणि एकदा काढली की दोन तास उठायचं नाही, असा माझा खाक्या. ताईंनी पंचा बाजूला केला आणि बसल्या. मला वाटलं, आता लेहरा पहिल्यापासून वाजवतील. त्यांनी कागदावर शेवटच्या तीन मात्रांवर बोट ठेवलं आणि तेवढेच सूर वाजवले. फार हळू. परत तेच. परत तेच. मी मोजले, अकरा वेळा. तोंडाने "आठ, नव, धा" आणि डाव्या पायाचा अंगठा जमिनीवर. मग उठून बाहेर गेल्या, बोंबलांची एक दोरी भरली आणि आत आल्या. आता त्याच्या आधीच्या दोन मात्रा, आणि त्यांना जोडून त्या तीन. सात-आठ वेळा. पुन्हा बाहेर.

मी न राहवून विचारलं, "ताई, शेवटापासून का वाजवताय? सुरुवात कधी करणार?"

"सुरुवात काय, ती तर सगल्यांना येतं," त्या म्हणाल्या. "शेवट पक्का असला म्हंजे वाजवताना आपण घराकडं येत असतो. भीती वाटत न्हाय."

"आणि मधे चुकलं तर? पहिल्यापासून घ्यायला नको?"

त्या हसल्या. बाहेर ओट्यावर त्यांचा दीर मांडीवर जाळं पसरून बसला होता, त्याच्याकडे हात केला. "त्याला बघ. जालं फाटलं तर तो पहिल्यापासून इणतो काय? जितं फाटलं तितंच बसतो. फाटलेल्या जाग्याच्या दोन घरं अल्याड, दोन घरं पल्याड. झालं. समदं इणत बसला तर समुद्रावर जायाचा कवा?"

मी चहा प्यायले. दोन तासांत ताई सहा वेळा पेटीवर बसल्या. एका वेळी पाच-सात मिनिटांच्या वर नाही. मी निघेपर्यंत दहाच्या दहा मात्रा जोडून झाल्या होत्या, रांगत्या चालीने, पण एकही खोट नाही. मला त्या सगळ्या मात्रा पाठ व्हायला मंगळवार उजाडला होता. निघताना त्यांनी मला कागदात बांधून सुके बोंबील दिले. म्हणाल्या, "माझ्यासाठी रजा टाकलीस तू."

बसमध्ये माझा नुसता तिळपापड झाला होता. त्यांनी काही बोलायला हवं होतं, विचारायला हवं होतं, की रविवारचा निरोप गुरुवारी कसा येतो. ते सोडून बोंबील! आणि जे मी पाहिलं होतं ते इतकं साधं होतं, की त्याचा आणखी राग येत होता. सर चार वर्षं हेच सांगत होते. पण घरी जाऊन मी ते केलं का? मुळीच नाही. त्यांच्या रीतीने बसायचं म्हणजे त्यांना गुरू मानायचं. सा दाखवला कुणी? मी. गुरुवारी आणि शुक्रवारी मी तीन-तीन तास बसले, ॲप लावून, पहिल्यापासून शेवटापर्यंत, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. नवरा टीव्हीचा आवाज वाढवून बसला.

शनिवारी तालमीला सरांनी आधी मला बसवलं. पहिली चार-पाच मिनिटं फार सुरेख गेली, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. मग सरांनी तबल्यावर आडवी चाल धरली, म्हणजे माझ्या चालीच्या मधल्या फटींतून बोल काढायला लागले, आणि माझे कान त्यांच्यामागे धावले. घरचं ॲप कधी असं वाकडं वागत नाही. सातव्या मात्रेवर माझं बोट घसरलं, आणि सवयीने मी काय केलं असेल? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तीन मात्रा शिल्लक असताना. सर समेवर आले तेव्हा मी तिथे नव्हतेच. ते थांबले. नुसता तबल्यावरचा हात उचलला.

मग ताई बसल्या. त्यांचा लेहरा ऐकायला रंगीत वगैरे अजिबात नव्हता. पण सर कुठेही गेले तरी तो जागेवर होता. एकदा त्यांचं बोट चुकलं, सूर खोटा लागला, आणि त्या थांबल्या नाहीत, पुढची मात्रा पुढच्या वेळेला वाजली. सरांनी पंधरा मिनिटं वाजवलं आणि शेवटची तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा, घेऊन ते मोकळेपणी हसले.

"सहा दिवसांत एवढा पक्का बसवलात, ताई," ते म्हणाले. "रविवारी हिने सांगितल्यापासून रोज बसलात की काय?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एखाद्या मात्रेइतकं. मी पेटीच्या खुंट्यांकडे बघत बसले.

"हो सर," ताई म्हणाल्या.

त्या क्षणी मला त्यांचे आभार मानावेसे वाटायला हवे होते. मला वाटलं काय, तर ही बाई वाजवते माझ्यापेक्षा चांगलं ते तर आहेच, आता मोठ्या मनाचीसुद्धा हीच! एक तरी गोष्ट माझ्यासाठी ठेवायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला कार्यक्रम. भाईंदर पश्चिमेलाच एका सोसायटीचा हॉल, समोर दीडेकशे माणसं, बहुतेक शिकणाऱ्यांचे आईबाप आणि शेजारी. मी मधे एका भजनाला पेटी धरली, पाच मिनिटं. सुरुवात मस्त झाली. मग ठरवलेल्या त्या साडीत मी दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. तिथून ताईंचा हात आणि चेहरा दोन्ही सरळ दिसत होते. ती खुर्ची मी मुद्दाम निवडली होती.

खरं ते लिहिते. मला त्या चुकायला हव्या होत्या. नुसत्या चुकायला नव्हे, सगळ्यांसमोर, सरांचा हात हवेत थांबेल अशा. आणि त्या चुकल्याच तर ते मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. म्हणून सरांनी पहिला बोल वाजवला आणि मी मांडीवर हात धरला. पहिलीला टाळी, तिसरीला टाळी, सहावीला हात उलटा, त्याला खाली म्हणतात, आठवीला पुन्हा टाळी. मधल्या मात्रा बोटांवर. एक आवर्तन, दोन, दहा, वीस. सर आडवे गेले, तिरपे गेले, एकदा तर असे लांब गेले की शेजारच्या काकांनी "वा!" म्हणून खुर्ची हलवली. मी हलले नाही. तबल्याकडे माझं लक्षच नव्हतं. माझं लक्ष त्या दहा मात्रांवर आणि ताईंच्या बोटांवर, कुंपणावरून नजर ठेवणाऱ्या शेजारणीसारखं.

पंधराएक मिनिटं झाली असतील. सरांनी एका कठीण जागी बोल दुप्पट केले आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या आवाजात ताईंना तबला ऐकू येईना. पाचव्या मात्रेचा सूर किंचित आधी पडला. अगदी किंचित. दीडशे माणसांत कुणालाही कळला नसेल. मला कळला. सापडली! मला इतका आनंद झाला की सहाव्या मात्रेला मी हात मांडीवरून उचलून छातीपर्यंत नेला आणि उलटा केला, एखादी लग्नात मेंदी दाखवते तसा. सात बोटावर. आठवीची टाळी तर मी वाजवलीच, चांगली आवाज येईल अशी. नऊ. दहा.

आणि ताई समेवर होत्या. सरही. मी पाहिलं तेव्हा ताईंचे डोळे माझ्या हातावर होते, आणि पुढची तीन-चार आवर्तनं ते तिथेच राहिले. मग त्यांनी नजर पेटीवर नेली. माझा हात थांबवता येईना. वीस मिनिटं, तेवीस मिनिटं, शेवटच्या तिहाईपर्यंत मी एकही मात्रा सोडली नाही.

टाळ्या संपल्यावर सगळे स्टेजजवळ गेले. ताई माझा दंड धरून मला सरांपुढे घेऊन गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, मधी माझी मात्रा सुटलीवती. हिनं हात वर केला म्हणून गावली. हिच्या हातावर वाजवलं मी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "चार वर्षं सांगतोय, हातावर मात्रा धर म्हणून," ते म्हणाले. "आज धरलीस. पुढच्या रविवारपासून पेटी दहा मिनिटं उशिरा उघडायची, काय?"

मी मान हलवली. माणसं माझं कौतुक करत होती. त्यातलं काहीच मला घेता येत नव्हतं.

साडेसहाच्या बसला ताई थांब्यावर उभ्या होत्या, मी त्यांच्याबरोबर गेले. रांगेत पाच-सहाच जण होते. बस यायला वेळ होता आणि मला ते पोटात ठेवणं अशक्य झालं.

"ताई," मी म्हटलं, "झपतालाचं मी तुम्हाला मुद्दाम उशिरा सांगितलं."

"ठावं हाय, बाय."

"आणि आज मी तुम्हाला मात्रा दाखवत नव्हते. तुम्ही कुठे चुकता ते बघायला मोजत होते."

"ते पण ठावं हाय. तुझं तोंड दिसत होतं ना वरनं."

"मग माझ्याकडे का बघितलंत?"

ताईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मंग कोनाकडं बघू? समोरची समदी आवडीनं ऐकत होती, माना हलवत होती. आवडीनं ऐकणारा मोजायचं इसरतो. तू चूक पकडाया बसलीवतीस. तुझं मोजणं चुकणार न्हाय, येवढं मना ठावं होतं."

बस आली. ताई पुढच्या दाराने चढल्या, खिडकीशी बसल्या आणि हात हलवला. मीही हलवला. बस गेल्यावर मी पायी पुलाकडे निघाले. लाज वाटायला हवी होती आणि ती वाटलीही, पण पुलावर पोचल्यावर. त्याआधी मला हेवाच वाटत होता, की माणूस इतकं नेमकं ओळखायची अक्कलसुद्धा तिलाच मिळावी.